पवनार अन् पुलगावच्या मधात

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या गावच्या पानठेल्यावर लोकांना सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर लढाई थांबल्याचा. २२ एप्रिलला पहलगामला २६ जण मारले, बायकापोरांच्या डोळ्यासमोर मारले, त्याचा संताप सगळ्यांनाच होता, मलाही होता अन् अजूनही आहे. ६-७ मेच्या मध्यरात्री ऑपरेशन सिंदूर झालं, पुढचे तीन दिवस कोणाच्याच घरचा टीव्ही बंद झाला नाही, काही चॅनेलवाल्यांनी तर कराचीचं बंदर उडवलं, इस्लामाबाद घेतलं असं रातोरात सांगून टाकलं अन् ते सगळं खोटं निघालं, अन् मग १० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली. तेव्हा ठेल्यावर एक पोट्टा म्हणाला, "थांबले काहून पण? आता कुठी सुरू झालतं." पोट्टा चांगला आहे, पहाटे उठून भरतीसाठी डांबरीवर पळते, बापाची अडीच एकर कोरडवाहू आहे, सैन्यात गेला तर घर उभं राहते. त्याच्यावर रागवायचं कारणच नव्हतं. पण त्याचा तो 'थांबले काहून' माझ्या डोक्यातून जाऊनच नाही राहिला, म्हणून हे लिहून काढतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत वाट पाहायला नको. काही युद्धं न्याय्य असतात असं मी मानतो. पण युद्ध न्याय्य आहे की नाही हे फक्त त्याच्या कारणावरून ठरवू नये, कारण कारण प्रत्येकाकडे असते. युद्ध करणाऱ्यानं सुरू करायच्या आधी थांबायची हद्द सांगितली होती का, अन् तिथं पोचल्यावर तो खरंच थांबला का, हे पाहावं.

मी देवळी तालुक्यातल्या एका हायस्कूलात इतिहास शिकवतो. आमचा वर्धा जिल्हा या प्रश्नासाठी मोठी अवघड जागा आहे. पूर्वेकडे धाम नदीच्या काठावर पवनार. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबा तिथं उभे राहून युद्धाच्या विरोधात बोलले, गांधीजींनी निवडलेले पहिले वैयक्तिक सत्याग्रही ते, नेहरूंचा नंबर त्यांच्यानंतरचा. म्हणणं सरळ होतं, इंग्रजांच्या युद्धाला माणूस किंवा पैसा देणं चूक आहे, अन् सगळ्याच युद्धांना अहिंसेनं विरोध करणं हाच मार्ग आहे. चारच दिवसांत त्यांना पकडलं. अन् पश्चिमेकडे पुलगाव, तिथं सैन्याचा केंद्रीय दारूगोळा डेपो, देशातला सगळ्यात मोठा. ३१ मे २०१६ ला पहाटेच्या अंधारात तिथं आग लागली, पंधराहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक आग विझवायला धावलेले होते, अन् आसपासची गावंच्या गावं लेकराबाळांसकट रातोरात बाहेर काढावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ ला पुन्हा, जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, सहा जण गेले, त्यात आसपासच्या गावातले रोजंदारीवरचे मजूर होते. ते कोणत्याच युद्धात नव्हते. तिकडे भद्रावतीला ऑर्डनन्स फॅक्टरी, नागपूरला अंबाझरीची, भंडाऱ्याला जवाहरनगरची, अन् जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ ला स्फोट होऊन कमीत कमी आठ कामगार गेले. सीमा आमच्यापासून हजार किलोमीटरवर आहे पण तिथं फुटणारी दारू आमच्या इथं भरल्या जाते अन् आमच्या इथं साठवल्या जाते, तेव्हा विदर्भातल्या माणसानं तरी युद्ध म्हणजे कुठंतरी लांबची गोष्ट आहे असं म्हणू नये.

आता मुद्द्यावर येतो. युद्ध कधी बरोबर यावर लोकांनी शेकडो वर्षं डोकं लावलेलं आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास म्हणून ख्रिस्ती धर्मपंडित झाला, त्यानं तीन अटी घातल्या, युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार पाहिजे, कारण न्याय्य पाहिजे, हेतू चांगला पाहिजे. पुढच्या लोकांनी त्यात भर घातली, की बाकीचे सगळे मार्ग करून पाहिलेले असावे, जिंकायची काहीतरी शक्यता असावी, अन् जे वाचवायला निघालो त्यापेक्षा जास्त नासाडी होऊ नये. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनं हे अजून आवळलं, दुसऱ्या देशावर बळ वापरायचंच नाही, फक्त दोन वाटा मोकळ्या, एकतर सुरक्षा परिषदेनं परवानगी द्यावी नाहीतर कलम ५१ प्रमाणं स्वतःचा बचाव.

कागदावर हे सगळं चांगलं आहे. अडचण अशी की खोटं बोलणाराही या सगळ्या अटी पूर्ण करून दाखवतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला पुतिननं युक्रेनमध्ये रणगाडे घातले त्या दिवशीच्या भाषणात त्यानं कलम ५१ चंच नाव घेतलं होतं. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बसून इराककडे महाविनाशक शस्त्रं आहेत याचे पुरावे दाखवत होते, महिनाभरानं परिषदेची परवानगी नसतानाच हल्ला झाला, अन् ती शस्त्रं सापडलीच नाहीत. मग म्हणाले हुकूमशहा हटवायचा होता, मग म्हणाले लोकशाही आणायची होती. तोपर्यंत लाखावर माणसं मेली होती. म्हणून मी म्हणतो की कारण विचारून भागत नाही, कारण नंतर बदलता येते. हद्द आधी विचारा.

आमच्याकडे धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण ज्यानं पाहिलं त्याला हे लगेच समजते. शेजाऱ्यानं नांगरता नांगरता दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आपल्या वावरात घेतले तर माणूस आधी तोंडानं सांगते, मग चार लोक बोलावते, मग तंटामुक्ती समिती, मग मोजणी, मग तहसील. या सगळ्यातून एक माणूस आपला धुरा मागत असते अन् दुसरा धुऱ्याच्या निमित्तानं त्याचं पूर्ण वावर गिळायला निघालेला असते. दोघंही "माझ्यावर अन्याय झाला" असंच म्हणतात, अन् कधी कधी दोघांवरही खरंच झालेला असते! पण गावातली शहाणी माणसं पहिल्यांदा हेच विचारतात, भाऊ तुले नेमकं पाहिजे किती? ज्याला आकडा सांगता येत नाही त्याच्या मागं कोणी उभं राहत नाही. देशादेशात फरक एवढाच की तिथं तहसीलदार नाही. सुरक्षा परिषद आहे पण पाच जणांकडे नकाराधिकार, अन् भांडणात बहुतेक वेळा त्या पाचातलाच कोणीतरी असते किंवा त्याचा दोस्त असते.

१९७१ घ्या. मी वर्गात हा धडा नेहमीपेक्षा जास्त दिवस चालवतो, पोर्शन मागं पडला तरी चालते. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्यानं ढाक्यात कत्तल सुरू केली, विद्यापीठाच्या होस्टेलात शिरून पोरं मारली. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत एक कोटीच्या आसपास माणूस सीमा ओलांडून आपल्याकडे आला. एक कोटी निर्वासित म्हणजे काय हे आकड्यावरून नाही समजत. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली गावं आहेत, ते लोक १९७१ च्याही आधी पूर्व पाकिस्तानातून आलेले, सरकारच्या पुनर्वसन योजनेत त्यांना जंगलात जमिनी दिल्या, आज तिसरी पिढी तिथं धान पिकवते अन् मराठीत बोलते. तिथल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा एखाद्या दिवशी. घर सोडून आलेल्या माणसाच्या बोलण्यात पन्नास-साठ वर्षांनीही तिथला तलाव कसा येते, तलावातले मासे कसे येतात, ते ऐकल्यावर मग एक कोटीचा आकडा वाचा.

इंदिरा गांधींनी एप्रिलमध्येच लढाई सुरू केली नाही. लष्करप्रमुख माणेकशॉंनी तयारीला वेळ मागितला हे सगळ्यांना माहीत आहे, पुढं पावसाळा होता, नद्या फुगणार होत्या, चीनकडच्या खिंडी बर्फानं बंद व्हायला हिवाळा पाहिजे होता. पण त्या मधल्या वेळात बाकीचे दरवाजेही ठोठावले गेले, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या स्वतः युरोप-अमेरिकेत फिरल्या, निक्सनला भेटल्या, हे थांबवा म्हणून सांगितलं. कोणी थांबवलं नाही. ३ डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले अन् उघड युद्ध सुरू झालं, १६ डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागती दिली, सुमारे ९३,००० जण कैदेत आले.

पोरांना मी दुसरी बाजूही सांगतो. मुक्तिवाहिनीला, म्हणजे पाकिस्तानी सैन्याशी लढणाऱ्या तिथल्या बंगाली पोरांना, आपण आधीपासून शिकवत होतो, शस्त्रं देत होतो, अन् नोव्हेंबरातच गरीबपूरला आपलं सैन्य सीमेपलीकडे जाऊन लढलं होतं. म्हणजे 'त्यांनी आधी सुरू केलं' एवढंच म्हणून १९७१ बरोबर ठरत नाही. ते माझ्या मते बरोबर ठरते ते १६ डिसेंबरनंतर जे झालं त्यावरून. दुसऱ्याच दिवशी पश्चिमेकडच्या आघाडीवर आपण एकतर्फी युद्धबंदी केली. सैन्य जिंकलेलं होतं, समोरचा देश अर्धा झाला होता, पुढं जा म्हणणारे तेव्हाही असतीलच. अन् मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परत आलं. निर्वासित परत गेले. पाहिजे ते झालं अन् आपण निघालो. व्हिएतनामनं १९७९ च्या जानेवारीत कंबोडियातली पोल पॉटची राजवट संपवली, ते कामही चांगलंच होतं, लाखो लोक त्या राजवटीनं मारले होते, पण व्हिएतनामचं सैन्य तिथं १९८९ पर्यंत बसून राहिलं अन् त्या चांगल्या कामाचा रंगच उडाला.

हे सगळं मी आमच्या गावच्या सुभेदार काकाजींसमोर बोललो. काकाजी तोफखान्यात होते, कारगिलच्या वेळी तिकडेच होते, आता शेती करतात. त्यांच्या ओसरीत एक काळी लोखंडी पेटी आहे, झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव अन् नंबर, रंग आता पापुद्रे धरून राहिला, फौजेच्या काळात तिच्यात वर्दी राहत होती, आता सोयाबीनच्या बियाण्याच्या पावत्या, पीकविम्याचे कागद, अन् सगळ्यात खाली एका पिशवीत मेडलं. पेटीला कुलूप नसते, नातू तिच्यावर उभा राहून खुंटीवरची टोपी काढते. मी कारगिलचं उदाहरण मोठ्या उत्साहात दिलं, की पाहा काकाजी, १९९९ मध्ये वाजपेयी सरकारनं ठरवलं की घुसखोर काढायचे पण एलओसी, म्हणजे काश्मीरमधली नियंत्रण रेषा, ओलांडायची नाही, विमानांनीही ओलांडायची नाही, अन् तेवढंच केलं, ही खरी न्याय्य लढाई. काकाजी ऐकून घेतात, मधात बोलत नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, थे हद्द दिल्लीत आखली. पन भरली कोनं? मांगून जाऊन त्यायचा रस्ता कापता आला असता. थे नाई करायचं म्हनून आमचे पोट्टे सरळ चढावर गेले, वरतून गोया येऊन रायल्या अन् हे खालून चढून रायले. तुमी वर्गात सांगता तवा हेबी सांगत जा."

तेव्हापासून सांगतो. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले, अन् त्यातले काही, कदाचित बरेच, हद्द पाळल्यामुळं गेले. तोलोलिंग घ्या, टायगर हिल घ्या, समोरून चढायचं म्हणजे काय ते फोटो पाहिले तरी समजते. युद्ध मर्यादेत ठेवा असं माझ्यासारख्यानं खुर्चीत बसून म्हणणं फार सोपं आहे, त्या मर्यादेचं बिल वीस-बावीस वर्षांचं पोरगं भरते.

तरी मी माझं म्हणणं सोडत नाही, अन् काकाजींनाही ते सांगितलं. १९९८ च्या मे महिन्यात दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या होत्या. कारगिल त्याच्या पुढच्याच वर्षी आलं. एलओसी ओलांडली असती तर ते भांडण द्रास-बटालिकच्या डोंगरात राहिलं असतं का, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. आपण हद्द पाळली म्हणून जगात बोट पाकिस्तानकडे दाखवल्या गेलं, ४ जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला क्लिंटनकडे गेले तेव्हा त्यांना माघारीची कबुली द्यावी लागली. त्या पोरांनी डोंगर परत घेतला अन् त्यासोबतच न दिसणारं एक मोठं युद्ध थांबवलं. काकाजी म्हणाले, "थेबी खरं." पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही, अन् व्हावं असंही मला वाटत नाही.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप आहे तो हिटलरचा. हिटलरसमोर कोणती हद्द आखणार? १९४३ च्या जानेवारीत कासाब्लांकाला रूझवेल्ट-चर्चिलनी जाहीर केलं की बिनशर्त शरणागतीच पाहिजे, त्याखाली काही नाही. अन् जो माणूस ज्यूंना कारखाना लावून मारून राहिला त्याच्यासोबत अर्ध्यावर तडजोड करायची कशी? मी मान्य करतो, तिथं हद्द म्हणजे ती राजवट संपणं हीच होती. पण झालं असं की त्यानंतर ज्याला ज्याला अमर्याद युद्ध पाहिजे त्यानं समोरच्याला हिटलर म्हणायला सुरुवात केली. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून इंग्लंडच्या पंतप्रधानानं इजिप्तच्या नासरला त्याच रांगेत बसवलं, १९९० मध्ये बुशनं सद्दामला. हिटलर शंभर वर्षांत एखादा होते. आपल्याकडेही टीव्हीवरचा दर दुसरा माणूस हे करते, तेव्हा ऐकणाऱ्यानं सावध व्हावं.

अन् हिटलरविरुद्धच्या त्या न्याय्य युद्धातही काय काय झालं ते आपल्याला विसरता येत नाही. १९४३ मध्ये बंगालात सुमारे तीस लाख माणूस उपाशी मेला, जपानी येतील म्हणून सरकारनं आधीच गावोगावच्या नावा अन् धान ताब्यात घेतलं होतं, अन् लोक मरत असताना धान्य पाठवायला लंडनमध्ये मन होत नव्हतं. ६ अन् ९ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमा-नागासाकी. कारण शंभर टक्के खरं असलं तरी त्याखाली काहीही खपवता येत नाही. कारणाचा हिशेब वेगळा अन् करण्याच्या पद्धतीचा हिशेब वेगळा, दोन्ही द्यावे लागतात.

म्हणून विनोबांचं १९४० चं बोलणं मला वेडेपणाचं वाटत नाही. अन् तरी मी त्यांच्यासोबत पूर्ण जाऊ शकत नाही. त्याच काळात बाबासाहेब नेमके उलटे उभे होते, नाझी जिंकले तर जगात स्वातंत्र्यच उरणार नाही हे त्यांना दिसत होतं, १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले अन् युद्धाच्या बाजूनं उभे राहिले. पुढं नागपूरला १९५६ मध्ये त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला, पण बुद्धाच्या अहिंसेचा अर्थ लावताना त्यांनी मारण्याची इच्छा अन् मारण्याची गरज यात फरक केला. वैशालीच्या सेनापतीनं बुद्धाला युद्धाबद्दल विचारलं तो प्रसंगही त्यांनी सांगितला आहे, त्याचा सार असा की सगळे शांततेचे उपाय संपल्यावर जो लढते त्याला दोष नाही, दोष त्याचा जो युद्धाला कारण झाला. आमच्या मोझरीचे तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वशांतीच्या परिषदेत बोलून आले, अन् तेच १९६२ अन् १९६५ च्या युद्धात सीमेवर जाऊन जवानांसमोर खंजिरी वाजवून आले. काही लोकांना यात विसंगती दिसते. मला नाही दिसत. शांती पाहिजे असणारा माणूसच युद्धाला हद्द घालू शकते, ज्याला युद्धच आवडते तो कशाला घालेल?

याचं उलटं उदाहरण आपल्याच विदर्भातलं आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी, विदर्भाचा राजकुमार, भारतीय युद्धाच्या आधी अक्षौहिणी सैन्य घेऊन पांडवांकडे गेला अन् अर्जुनाला म्हणाला भीती वाटत असेल तर मी आहे मदतीला. अर्जुनानं परत पाठवलं. मग तेच सैन्य घेऊन दुर्योधनाकडे गेला, त्यानंही ठेवून घेतलं नाही. त्याला बाजू नव्हतीच, त्याला फक्त लढायचं होतं. अन् पांडवांकडे पाहा, कृष्णशिष्टाईच्या वेळी मागणी पाच गावांवर आली होती. पाच गावं! राज्य सोडून दिलं होतं. सुईच्या टोकावर राहील एवढी माती देणार नाही म्हणणारा दुर्योधन होता. माझ्या मते पांडवांची बाजू न्यायाची ठरते ती या पाच गावांमुळं, अन् पुढच्या अठरा दिवसांत तीच बाजू मळत जाते, द्रोणाच्या वेळी, कर्णाच्या वेळी, दुर्योधनाच्या मांडीच्या वेळी.

न लढणं हेही प्रत्येक वेळी स्वच्छ नसते, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास तुत्सी जमातीचे अन् त्यांना वाचवू पाहणारे लोक मारल्या गेले, बहुतेक कोयत्यांनी. संयुक्त राष्ट्रांचं अडीच हजारांचं सैन्य तिथं हजर होतं. कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेनं ते वाढवायचं सोडून २७० वर आणलं. तिथं कोणी चार-पाच हजार सैनिक घेऊन घुसलं असतं अन् गोळ्या झाडल्या असत्या तर मी त्या युद्धाला न्याय्य म्हटलं असतं, अन् विनोबांसमोरही म्हटलं असतं.

राहिला प्रश्न कोणी ठरवायचं. आपल्याकडे मंत्रिमंडळ ठरवते, संसदेची आधी परवानगी लागत नाही, अन् अचानक हल्ला झाला तर ती मागत बसायला वेळही नसते हे मला समजते. पण १९६२ चं एक उदाहरण प्रत्येक शाळेत सांगायला पाहिजे. चीनचं युद्ध चालू, आपण हरत होतो, अन् तरुण वाजपेयींनी मागणी केली की संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा. नेहरूंनी बोलावलं, ८ नोव्हेंबरला सुरू झालं, युद्ध चालू असताना विरोधकांनी उघड सभागृहात सरकारला धारेवर धरलं. त्या सभागृहात कोणी त्यांना देशद्रोही ठरवून गप्प केलं नाही. आज पानठेल्यावर 'थांबले ते बरं झालं' म्हणायला मला दोनदा विचार करावा लागते, अन् हे मला युद्धाइतकंच काळजीचं वाटते. ७ मेला सरकारनं स्वतःच सांगितलं होतं की कारवाई मोजूनमापून आहे, दहशतवाद्यांच्या ठिकाणांवर आहे, भडकवायची नाही. म्हणजे हद्द जाहीर होती. त्या चार दिवसांत पुंछमध्ये पलीकडून आलेल्या तोफगोळ्यांनी साधी माणसं, लेकरं गेली. तिथल्या कोणत्या आईनं 'थांबले काहून' विचारलं असेल असं मला वाटत नाही.

त्या भरतीवाल्या पोट्ट्याला मी हे सगळं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, पावसानं पळायला सुट्टी होती तेव्हा. तो म्हणाला, "मंग सर, म्या जाऊ का नको फौजेत?" मी म्हटलं जा. सैन्य पाहिजे, चांगल्या घरची चांगली पोरं त्यात पाहिजे, अन् अग्निवीर म्हणून चार वर्षांनी परत आलास तरी मान ताठ ठेवून ये. फक्त सैन्याच्या कायद्यातही हुकूम कायदेशीर असला तरच तो मोडणं गुन्हा आहे, हे ध्यानात ठेव. तर तो विचारते, हुकूम बरोबर आहे का चूक हे मले ऐनवेळी कसं समजन? मला लगेच उत्तर सुचलं नाही. काकाजी बाजूला बिडी विझवत होते, ते म्हणाले, "हात वर केलेला, बांधलेला, अन् बायालेकरं. यायच्यावर गोयी नाई चालवाची. बाकीचं तुले तिथं शिकवतीन."

शिपायासाठी ते उत्तर पुरते. दिल्लीत बसून फौज पाठवणाऱ्यासाठी पुरत नाही, अन् त्याला मत देणाऱ्या आपल्यासाठीही पुरत नाही. म्हणून येत्या रविवारपासून आमच्या वाचनालयात १९६२ च्या त्या अधिवेशनातली भाषणं वाचायला घेतो आहे, संध्याकाळी सहानंतर. काकाजी येणार आहेत, कारगिलच्या हद्दीवर ते माझ्या विरोधात बोलणार आहेत, अन् भरतीवाले पोट्टे त्यांच्या बाजूनं बसणार हे आताच ठरलं आहे. आसपासच्या गावातल्या कोणाला यायचं असेल तर या.